मोडीत काढलेला प्लँट आणि तो उतरवणारा ठेकेदार

आमचा सॉल्व्हंटचा, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांचा, जुना प्लँट कायमचा बंद झाला. तो रिकामा करून, सुटा करून, जागा मोकळी करून देण्याचं काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं, आणि मालकांच्या बाजूने त्यावर देखरेख माझ्याकडे होती. त्याआधी त्याच प्लँटची देखभाल वर्षानुवर्षं मीच बघितलेली. कुठल्या लाइनीत काय साचून बसतं, कुठला व्हॉल्व्ह बंद झालाय असं दाखवतो पण होत नाही, हे मला पाठ होतं. त्या माहितीच्या बळावर हे परीक्षण लिहिते आहे. ठेकेदाराचं नाव घेत नाही. एका कामावरून कुणाला डोक्यावर घ्यावं किंवा बदनाम करावं असं मला वाटत नाही. पण असं काम देण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना काय बघायचं ते कळावं, म्हणून तपशील हातचा न राखता देते.

मत आधीच सांगून टाकते. कटिंग सुरू होण्याआधीचं काम उत्कृष्ट. कटिंगमध्ये एक गंभीर चूक. जमिनीखालचं काम अर्धवट. कागदपत्रं उशिरा आली, पण आली ती पक्की.

कोटेशनसाठी जागा बघायला मंडळी आली तेव्हाच फरक कळला होता. दोन पार्ट्यांची माणसं खिशातून चुंबक काढून पाइपांना लावत फिरली. चिकटलं तर साधं लोखंड, नाही चिकटलं तर स्टेनलेस, म्हणजे दर चढा. मोटारींच्या नेमप्लेट वाचून आत तांबं किती निघेल याचा अंदाज, केबल ट्रेची लांबी पावलांनी मोजलेली, की झाला आकडा तयार. टाक्यांच्या तळाशी काय आहे, हे त्यांनी विचारलंही नाही. तिसऱ्या पार्टीच्या इंजिनिअरने आल्या आल्या पाइपिंगची ड्रॉइंग मागितली. मग शेवटच्या बॅचच्या शीट. मग प्लँट थांबवला त्या दिवशी कुठल्या टाकीत किती माल होता, त्याची नोंदवही. काम त्यांनाच मिळालं.

या धंद्याचं गणित नीट समजून घ्यायला हवं. ठेकेदार कामाचे पैसे घेतो आणि निघणाऱ्या भंगाराची किंमत त्यातून वजा करून देतो. भंगार फारच मोलाचं असेल तर उलट तोच मालकाला पैसे देतो. साहजिकच त्याचा डोळा तांब्यावर आणि स्टेनलेसवर असतो, आणि ते आधी गेटबाहेर जातं. मागे काय उरतं? गाळाच्या टाक्या, ॲस्बेस्टॉसचं (ज्याचे तंतू फुप्फुसात गेले की घातक ठरतात त्या खनिजाचं) आवरण, ट्रान्सफॉर्मरचं तेल. म्हणजे ज्यातून मिळत काहीच नाही, उलट खर्चच करावा लागतो असं सगळं. तोवर ठेकेदाराची कमाई झालेली असते आणि त्याला साइटवर धरून ठेवायला मालकाच्या हातात काही राहत नाही. जगभर अर्धवट सोडलेल्या कारखान्यांच्या मागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते. म्हणून आम्ही करारात क्रम उलटा लिहिला: घातक माल आधी बाहेर जाईल, त्याच्या विल्हेवाटीची पावती हातात पडेल, आणि त्यानंतर भंगाराचा पहिला ट्रक निघेल. या अटीवर पहिल्या दोन्ही पार्ट्यांनी पाय मागे घेतला. तिसरी पार्टी तयार झाली. सुरुवातीचा हप्ता तेवढा वाढवून मागितला, आणि ते रास्तच होतं, कारण पहिला सगळा काळ त्यांच्या खिशातूनच खर्च होणार होता.

आता त्यांच्या पाहणीबद्दल, कारण मला हा भाग सगळ्यात आवडला. जहाज तोडायला पाठवायचं तर त्यावर कुठे कोणता घातक पदार्थ आहे याची यादी सोबत लागते. २००९ च्या हाँगकाँग करारात ती सक्तीची केली आहे, आणि तो करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. जमिनीवरच्या कारखान्याला हा करार लागू नाही, पण या लोकांनी यादी त्याच धर्तीवर केली, कारण त्यांचा फोरमन जहाजतोडणीच्या यार्डात आयुष्य घालवलेला माणूस. आपण त्यांना मामा म्हणू, साइटवर सगळे तेच म्हणायचे. मामांनी प्लँटचे चौकोन पाडले आणि एकेका चौकोनातली प्रत्येक वस्तू हात लावून तपासली. वाफेच्या लाइनीवरचं आवरण, फ्लँजमधली, म्हणजे पाइपांच्या बोल्टच्या जोडांमधली, गॅस्केट, जुन्या होइस्टच्या ब्रेकचं अस्तर, पंपांचं ग्लँड पॅकिंग, कंट्रोल रूमच्या छताचे सिमेंटचे पत्रे. या सगळ्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून प्रत्येकातून नमुना घेतला, पिशवीवर चौकोनाचा नंबर टाकला आणि नमुना काढलेली जागा लगेच टेपने बंद केली. एका लाइनीवर बाहेरून नवं काचलोकरीचं आवरण होतं. मी स्वतः सांगितलं की हे आमच्याच काळात बदललंय, इथे काही नाही. मामांनी तरी कोपराच्या बेंडपाशी सुरी घातली. सरळ पाइपावरचं आवरण बदललं होतं, बेंडवरचं जुनंच ठेवून वरून नवा पत्रा मारला होता. प्रयोगशाळेचा अहवाल आला तो ॲमोसाइटचा, म्हणजे तपकिरी ॲस्बेस्टॉसचा.

नमुना कुठून घेतला याला किती महत्त्व आहे, हे या क्षेत्रात ब्रेंट स्पारवरून सगळ्यांना माहीत आहे. उत्तर समुद्रातला तेल साठवण्याचा हा प्रचंड तरंगता बोया शेलला १९९५ मध्ये अटलांटिकच्या खोल पाण्यात बुडवायचा होता. ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी त्यावर चढून ठाण मांडलं, युरोपभर गदारोळ झाला आणि शेलने बेत सोडला. पण आत सुमारे ५,५०० टन तेल असल्याचा ग्रीनपीसचा आकडा चुकीचा निघाला आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. नमुना टाकीतून न येता टाकीकडे जाणाऱ्या पाइपातून आला होता. पुढे त्या बोयाचे भाग नॉर्वेत एका धक्क्याच्या पायासाठी वापरले गेले, आणि १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी अशी बांधकामं समुद्रात टाकून देण्यावर बंदी घातली. बंदी योग्यच होती, असं माझं ठाम मत आहे. पण आत काय आहे ते दोन्ही बाजूंना नक्की ठाऊक असतं तर भांडण निदान खऱ्या आकड्यावर झालं असतं. आमच्या टाक्यांचे नमुने मामांनी प्रत्येकी तीन पातळ्यांवरून घेतले. तळाचा नमुना काढायला गाळात रुतेल असा जड सळईचा सँपलर त्यांनी स्वतः बनवून आणला होता.

ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे जुन्या तेलांत वापरलं जाणारं घातक रसायन आहे का, तेही तपासलं. दर किलोला ५० मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की ते तेल साधं राहत नाही. स्टॉकहोम कराराप्रमाणे असं तेल भरलेली यंत्रं २०२५ पर्यंत वापरातून काढायची होती. आमचा एक ट्रान्सफॉर्मर स्वच्छ निघाला, दुसऱ्याचा आकडा त्या रेषेच्या किंचित वर होता. दोन्हींचं तेल एकाच टँकरमध्ये भरलं असतं तर टँकरभर तेल घातक ठरलं असतं. त्यांनी दोन वेगळे पंप, दोन वेगळे होज लावले. ही शिस्त पैसे वाचवते आणि माणसंही.

एका रिॲक्टरवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवायच्या भांड्यावर, आतल्या मालाची पातळी मोजणारं किरणोत्सर्गी लेव्हल गेज होतं, सीझियम-१३७ चं. बाहेरून बघितलं तर शिशाचा एक जड डबा, त्यावर रंग उडालेला तीन पाकळ्यांचा शिक्का. भंगारवाल्याला तो शिशाच्या वजनात दिसतो. सीझियमचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं, म्हणजे प्लँट बंद पडला तरी ते डब्यात जिवंतच. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये ओसाड दवाखान्यातलं यंत्र भंगारात गेलं आणि फोडलं गेलं. आतली चमकणारी पूड लोकांनी घरी नेली. चार जण दगावले, दोनशेहून अधिक माणसांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सर्ग सापडला. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये विद्यापीठाच्या लिलावातून आलेल्या जुन्या यंत्रातल्या कोबाल्ट-६० ने भंगाराच्या दुकानातल्या एका कामगाराचा जीव घेतला. हे सगळं मामांना मी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी आल्या दिवशीच त्या रिॲक्टरभोवती दोरी बांधली. डब्याचं शटर कुलूपबंद असल्याचं परवानाधारक माणसाकडून मीटर लावून तपासून घेतलं, आणि गेज उतरवून पुरवठादाराकडे रवाना होईपर्यंत त्या मजल्यावर कुणालाही हत्यार घेऊन जाऊ दिलं नाही.

मग आलं तोडणीआधीचं तोडणं. बंद व्हॉल्व्हवर कुणीही विसंबायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. शेजारच्या चालू युनिटमधून येणारी प्रत्येक लाइन, मग ती वाफेची असो, नायट्रोजनची असो की पाण्याची, हद्दीवर फ्लँज उघडून पाइपाचा एक तुकडाच काढून टाकला आणि दोन्ही तोंडांना ब्लाइंड, म्हणजे बंद चकत्या, मारले. मधली मोकळी जागा डोळ्यांना दिसते, त्यात वादाला जागा नाही. विजेचंही तसंच. प्लँटचा सगळा पुरवठा मुळापासून तोडला आणि कामापुरती वीज बाहेरून नव्या केशरी केबलने आणली. म्हणजे केशरी नसलेली केबल मृत, असं साधं समीकरण. तरीही प्रत्येक केबल कापण्याआधी टेस्टर लावायचाच, हाही नियम. ते समीकरण फक्त एकदा खोटं ठरलं, जेव्हा अग्निशमनाच्या पंपाची एक विसरलेली केबल शेजारच्या पॅनेलवरून जिवंत निघाली. ती आमच्या ड्रॉइंगमध्ये नव्हती. टेस्टरने पकडली.

टाक्या धुण्याचं काम मी तासन्‌तास उभी राहून बघितलं, आणि त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. आमच्याकडे डिस्टिलेशनच्या तळाचा माल साठवायची एक टाकी होती. आत मुख्यतः टोल्युइन या ज्वलनशील सॉल्व्हंटचा अंश असलेला काळा, डांबरासारखा गाळ. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड, तळाशी पसरून राहते, आणि हवेत सव्वा टक्क्याच्या आसपास जमली की ठिणगी पुरते. टाकी रिकामी केली, वाफ सोडून धुतली, पंखे लावून हवा खेळवली. मीटर सोडला: ऑक्सिजन २०.९ टक्के, ज्वलनशील वाफ शून्य. कागदोपत्री टाकी गॅस फ्री, म्हणजे आत पेटेल अशी वाफ नाही. कटरवाली पोरं सिलिंडर घेऊन तयार उभी. मामांनी मॅनहोलमधून भिंतीवर चिकटलेला थर खरवडून एका पत्र्याच्या डब्यात घेतला. डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला आणि मीटरची नळी डब्याच्या तोंडाशी धरली. काही वेळ शून्य, मग आकडा हलला, मग भराभर चढला आणि मीटर ओरडायला लागला. गार भिंतीवर निमूट बसलेला थर टॉर्चची ज्योत लागली की असाच वाफ सोडणार, आणि ज्योत तर शेजारीच.

"साहेब, मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलं तेवढंच सांगतो," असं मामा तिथल्या एका तरुण इंजिनिअरला म्हणाले. टाकी कापणं तेव्हा थांबलं. उच्च दाबाच्या पाण्याने भिंत चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून काढली. तरीही कापताना ज्योत वापरली नाही, पाण्याच्या धारेवर चालणाऱ्या कोल्ड कटिंगनेच पहिलं मोठं दार पाडलं. रिकाम्या टाक्यांवर वेल्डिंग-कटिंग करताना होणारे स्फोट जगभर याच कारणाने होत राहतात. आत काही नाही असं सगळ्यांना वाटत असतं आणि आत थर असतो. त्या बादलीतल्या डब्यासाठी मी या ठेकेदाराला बाकी बरंच काही माफ करायला तयार आहे.

गंधकाचं काम झालेल्या स्क्रबरबाबतही, म्हणजे वायू धुऊन साफ करणाऱ्या भांड्याबाबतही, ते सावध होते. अशा भांड्याच्या भिंतीवर लोखंडाचं सल्फाइड बसतं. ते ओलं असतं तोवर शांत, वाळलं आणि हवा लागली की आपसूक पेटतं. ठिणगीसुद्धा लागत नाही. झाकण उघडल्यापासून शेवटचा गाळ पाण्याच्या पिंपात जाईपर्यंत फवारा चालू होता.

उंच कॉलम (आत पॅकिंग भरलेलं मनोऱ्यासारखं भांडं) उतरवण्याचा दिवस होता तेव्हा शेजारच्या युनिटची माणसंही गच्चीवरून बघत होती. सुमारे ३० मीटरचा स्टेनलेसचा कॉलम, तीन तुकड्यांत काढायचा. वरचा तुकडा क्रेनला बांधला, जोड सोडवले, आणि उचलायला सुरुवात करताच क्रेनच्या इंडिकेटरवर वजन ड्रॉइंगमधल्या वजनाच्या बरंच वर गेलं. क्रेनची क्षमता होती, उचलता आला असता. अवजड माल उचलणाऱ्या खलाशांच्या मुकादमाने हात वर केला आणि भार परत खाली टेकवला. आतल्या पॅकिंगमध्ये मळ घट्ट बसून धुण्याचं पाणी अडकलं होतं. तळाला निचऱ्याची वाट करून दिली, पाणी गळून जाऊ दिलं, मधल्या काळात स्लिंगचा हिशेब नव्याने केला, आणि उचल दुसऱ्या सकाळी वारा पडलेला असताना घेतली. पोस्टरवर "घाई नको" असं सगळेच लिहितात. पूर्ण क्रू उभा असताना, क्रेनचं भाडं चढत असताना थांबणं वेगळं असतं.

इमारतीच्या बाबतीतही क्रम सोडला नाही. उभारणी ज्या क्रमाने झाली त्याच्या उलट क्रमाने उतरवणी, आणि एकही खांब किंवा ब्रेसिंग स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय कापायचं नाही. इंग्लंडमधल्या डिडकॉट वीज केंद्राचं बॉयलर हाउस स्फोटाने पाडण्यासाठी आधी कमकुवत केलं जात होतं. २३ फेब्रुवारी २०१६ रोजी ते अवेळीच कोसळलं आणि चार कामगार गेले. त्यातल्या शेवटच्याचा देह ढिगाऱ्यातून मिळायला सप्टेंबर उजाडला. पाडायला काढलेली इमारत उभ्या इमारतीपेक्षा धोक्याची असते. तिचा थोडा थोडा आधार रोज काढून घेतलेला असतो, आणि आज ती कशावर उभी आहे हे कालच्या ड्रॉइंगवरून कळत नाही. यांच्याकडे रोज संध्याकाळी "आज काय काढलं, आता भार कुठून जातोय" याचं रंगवलेलं ड्रॉइंग गेटवर लागायचं. ड्रॉइंग न वाचता सकाळी कुणी आत गेलं नाही.

आता तक्रार. कॉलम गेल्यावर पाइप रॅकचं, म्हणजे पाइप पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याचं, कटिंग त्यांनी पोटठेकेदाराला दिलं. करारात तशी मुभा होती, पण आम्हाला आधी कळवायची अटही होती, आणि कळवलं नाही. सकाळी नवी टोळी आली आणि रॅकवर चढली. यादीत त्या रॅकच्या रंगात शिसं असल्याचं स्पष्ट नोंदलेलं होतं. जुना रेड लेडचा प्रायमर, वरवर बघणाऱ्याला तो साधा रेड ऑक्साइड वाटतो. अशा रंगावर थेट गॅस कटर चालवला की शिशाचा धूर निघतो आणि तो कापणाऱ्याच्या छातीत जातो. कापायच्या रेषेवरचा रंग आधी केमिकलने किंवा खरवडून काढायचा, कापणाऱ्याला योग्य फिल्टरचा मास्क किंवा बाहेरून हवा द्यायची, ही पद्धत त्यांनी स्वतःच लिहून दिली होती. टोळीच्या तोंडावर धुळीचे साधे कापडी मास्क होते आणि रंग जागच्या जागी होता. पिवळट धूर बघून मी काम बंद केलं.

याचा मला अजून राग आहे. यादी केली, अहवाल आणला, पद्धत लिहिली, आणि जो माणूस प्रत्यक्ष ज्योत धरून उभा होता त्याच्यापर्यंत त्यातला एक शब्द पोहोचला नव्हता. त्यातल्या एका पोराने मला विचारलं, "ताई, हा कसला रंग आहे?" त्याला विचारायची वेळच यायला नको होती. ठेकेदाराने नंतर जे केलं ते नीट केलं, हेही लिहायला हवं: टोळीतल्या सगळ्यांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी आपल्या खर्चाने करून घेतली, अहवाल त्या त्या माणसाला समजावून दिला आणि राहिलेला रॅक मामांच्या स्वतःच्या माणसांकडून उतरवला. पण आधीची चूक त्याने पुसली जात नाही. कामाचा दर्जा मी यादीवरून ठरवत असते तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. शेवटच्या कटरच्या तोंडावरचा मास्क बघून त्यातले बरेच कापते.

जमिनीखालच्या कामाने निराश केलं. वरचं सगळं स्वच्छ झालं की साइट मोकळी दिसते आणि सगळ्यांनाच निघायची घाई होते. पायाचं काँक्रीट ठरल्याप्रमाणे एक मीटर खोलीपर्यंत फोडलं, खड्डे भरले. पण जुन्या सांडपाण्याच्या नाल्याची एक शाखा त्यांनी दोन्ही बाजूंनी बुजवून तशीच सोडली. आत काय आहे ते बघितलं नव्हतं. मी कॅमेरा आत सोडायला लावला तेव्हा मधल्या चेंबरमध्ये सॉल्व्हंटचा वास मारणारा गाळ सापडला. टाक्यांच्या पायाखालच्या मातीचे नमुने तर करारात होते म्हणून घेतले, पण नाल्याच्या सांध्यांपाशी, जिथे गळतीची खरी शक्यता, तिथले घ्यायला मला हट्ट करावा लागला. कारण साधं आहे: जमिनीखाली भंगार नाही. ज्या क्रमाची अट आम्ही जमिनीवरच्या मालासाठी घातली तीच मातीसाठीही घालायला हवी. शेवटचा हप्ता माती आणि भूजलाच्या अहवालाला बांधून ठेवा, पाडकामाच्या दाखल्याला नाही.

गेटबाहेर जाणाऱ्या मालाबाबत मात्र ते कडक निघाले, आणि याचं मला मनापासून कौतुक आहे. घातक द्रावणं भरलेली पिंपं आणि छोट्या टाक्या भंगारातून बाजारात जातात आणि कुणी तरी ती पाणी साठवायला विकत घेतं. कितीही धुतलं तरी त्यातून यायचं ते येतंच. यांनी एकही भांडं अखंड बाहेर सोडलं नाही. प्रत्येक पिंपाला तळातून आणि बाजूने भोकं पाडली, टाक्यांच्या पट्ट्या केल्या, रिॲक्टरच्या जॅकेटलासुद्धा, म्हणजे बाहेरच्या कवचालाही, कापून उघडं केलं. अखंड रिॲक्टरला जुन्या यंत्रांच्या बाजारात चांगली किंमत आली असती. त्यांनी ती सोडली, कारण काचेच्या अस्तरात तडे होते आणि तडा गेलेल्या अस्तराच्या मागे काय शिरलंय ते धुऊन निघत नाही. प्रत्येक ट्रकसोबत वजनकाट्याची पावती, मालाचा प्रकार, तो कुठल्या चौकोनातून निघाला त्याचा नंबर. काम संपल्यावर या पावत्या सुरुवातीच्या यादीशी ताडून बघता आल्या. यादीत होतं ते सगळं कुठे ना कुठे पोहोचल्याचा पुरावा आहे. अंतिम फाइल यायला मात्र बरीच आठवण करावी लागली. ॲस्बेस्टॉसच्या विल्हेवाटीचा दाखला सगळ्यांत शेवटी आला, आणि तो येईपर्यंत मी राखून ठेवलेली रक्कम सोडली नाही.

कुणाला हा ठेकेदार, किंवा त्यांच्यासारखा दुसरा, बोलवायचा असेल तर कोटेशनच्या बैठकीत दर विचारण्याआधी त्यांना त्यांच्या मागच्या कामाची घातक मालाची यादी दाखवायला सांगा. यादीवर नमुना कुठून घेतला ते लिहिलेलं आहे का बघा. नुसतं "टाकी क्र. ३, ठीक" असेल तर ती यादी टेबलावर बसून केलेली आहे. गॅस फ्रीचा दाखला किती तासांसाठी धरतात ते विचारा. एका दाखल्यावर दिवस ढकलतो म्हणाले तर उठून या, कारण ऊन चढलं की टाकी आतून बदलते. आणि फोरमनशी बोलू द्या म्हणा. सादरीकरण करणारा माणूस साइटवर नसतो.

आमचं दुसरं, लहान युनिट पुढे मोडीत काढायचं आहे. व्यवस्थापनाने माझं मत मागितलं तेव्हा याच ठेकेदाराचं नाव दिलं आहे, तीन अटींसह: फोरमन मामाच हवेत, कटर चालवणारे सगळे ठेकेदाराच्या स्वतःच्या पटावरचे असतील आणि रोज सकाळी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलल्याशिवाय ज्योत पेटणार नाही, आणि नाल्यांमध्ये कॅमेरा पहिल्या आठवड्यातच जाईल. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या आहेत. तिसरीवर बोलणी चालू आहेत.